ताई बघतील

माझी आत्या दात करते. ती डॉक्टर नाही. डॉक्टर जे दात तोंडात बसवतात, ते घडवणारी. कवळ्या, कॅपा, पडलेल्या दाताच्या जागी बसणारे नवे दात, सगळं. त्यामुळे कुणी नवीन माणूस भेटला की तिची नजर आधी त्याच्या तोंडाकडे जाते, आणि समोरच्याला उगाच वाटत राहतं की आपल्या दातांत काहीतरी अडकलंय. माझा नवरा तिला पहिल्यांदा भेटला तेव्हा पूर्ण वेळ ओठ मिटून हसत होता. तो गेल्यावर आत्या म्हणाली, "माणूस चांगला आहे. वरचा एक दात मात्र कुणीतरी घाईत केलाय."

बाबा आणि आत्या ही दोघं भावंडं. बाबा तरुणपणी दातांच्या दवाखान्यांना सामान पुरवायचे. दारोदार फिरताना त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टर लोक सामानापेक्षा दात करून देणाऱ्यांबद्दल जास्त कुरकुर करतात. काम वेळेवर मिळत नाही, मिळालं तर बसत नाही. आत्याची तेव्हा नुकती बारावी झाली होती. शाळेत असताना ती खडूंवर ब्लेडने एवढेएवढेसे चेहरे कोरायची आणि बाईंचा मार खायची. बाबांनी तिला एका म्हाताऱ्या कारागिराकडे शिकायला बसवलं, आणि तिचा हात बसल्यावर चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन लॅब काढली. बाबा डॉक्टरांकडून पेशंटच्या दातांचे ठसे, म्हणजे मापं, आणायचे, मामा त्यात प्लास्टर ओतून जबडे काढायचे, आणि आत्या त्या जबड्यांवर दात करायची. हे मामा आमचे कुणी सख्खे नव्हेत. कायम प्लास्टरने पांढरे झालेले असायचे, म्हणून सगळे त्यांना प्लास्टरमामा म्हणत.

आत्याने लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणते, बाजारातून एखादी वस्तू आणायची राहून जावी तसं. ती आमच्याच घरी राहते. बाबा तिला अजून 'बारके' अशी हाक मारतात. तिचे केस आता बाबांपेक्षा जास्त पिकलेत, तरी.

त्या दोन खोल्यांत काम कसं चालायचं, हे मी लहानपणी पाहिलंय. कुणाचं काय चाललंय ते मान वर केली की दिसायचं. पलीकडच्या खोलीत काही विचारायचं तर ओरडायचं. दात तयार झाला की आत्या खिडकीशी जायची, उजेडात धरायची, उलटा करायची, डोळे बारीक करायची, आणि मग डबीत ठेवायची. तिच्या हातून गेलेलं काम परत यायचं नाही. डॉक्टर एकमेकांना सांगत गेले आणि काम वाढत गेलं. माणसं वाढली. शेजारची खोली घेतली, मग वरची, आणि शेवटी एक बंद पडलेलं फर्निचरचं दालन घेतलं. ऐसपैस, समोर काच, मागे सामानाची खोली.

तिथे गेल्यावर पहिल्या महिन्यातच बाबांना कळलं की आता ओरडून भागणार नाही. दाताचा रंग लावणारे एका टोकाला, भट्टी दुसऱ्या टोकाला, बांधाबांध करणारे मागे. कुणी कुणाला काय सांगितलं याचा पत्ता तिसऱ्याला नाही. एकदा दोन डब्या बदलल्या. एका धिप्पाड ड्रायव्हरची दाढ एका नाजूक बाईंच्या तोंडात बसवायला गेली आणि त्या बाईंची दाढ ड्रायव्हरच्या. दोन्ही डॉक्टरांचे फोन एकाच वेळी आले. बाबा एका कानाला एक आणि दुसऱ्याला दुसरा फोन लावून दोघांची माफी मागत होते. त्या दिवशी लॅबमध्ये सगळे हसले, बाबा सोडून.

मग बाबांनी मनावर घेतलं. तोंडाचं माप कॅमेऱ्याने घेणारं यंत्र आलं, स्क्रीनवर दात आखायची व्यवस्था आली, आणि आखलेला दात पांढऱ्या ठोकळ्यातून कोरून काढणारी मशीन आली. त्याच सुमाराला एका कुरियर कंपनीत काम केलेली एक मुलगी मॅनेजर म्हणून आली. तिने प्रत्येक कामाला नंबर दिला आणि भिंतीवर मोठा स्क्रीन लावला. काम कुठे पोचलंय ते त्यावर दिसायचं. वेळेत असलं तर हिरवं, रेंगाळलं तर पिवळं, अडकलं तर लाल. दुसऱ्याच दिवशी तिचं नाव 'सिग्नल' पडलं. तिला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, चालेल, पण लाल असताना थांबत जा.

आत्याला यंत्रांचा राग नव्हता. कोरणारी मशीन पहिल्यांदा चालू झाली तेव्हा ती खुर्ची ओढून समोर बसली आणि दात पूर्ण होईपर्यंत उठली नाही. पण मशीनने कोरलेला दात मेल्यासारखा पांढरा दिसतो. त्याला रंगाचे थर, कडेची झिलई, चावताना कुठे टेकतो ते बघून घासणं, हे हातानेच करावं लागतं. ते करणारे आता बरेच होते. शेवटी मात्र प्रत्येक काम आत्याच्या टेबलावर यायचं. तसा काही नियम नव्हता. दोन खोल्यांपासूनची सवय होती, आणि डॉक्टरांनाही तेच हवं असायचं.

मशीन आली आणि आत्याचा दिवस हातचा गेला. पूर्वी जेवढी कामं आठवड्यात यायची तेवढी आता एका दिवसात तिच्या टेबलावर साचायची. त्यात फोन. डॉक्टरांचे ग्रुप, फोटो, 'ताई, हा रंग चालेल का?', 'ताई, हे जरा बघा'. जेवताना तिचा एक हात डब्यात आणि एक फोनवर. घरी आली की खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागायचा.

तिने हार मानली नाही, उलट कंबर कसली. लॅब उघडायच्या आधी जायला लागली. मी तिला फोनमध्ये एक गजर लावून दिला होता: ठरावीक वेळ एकच काम, मग थोडी विश्रांती. विश्रांतीचा गजर झाला की ती तो बंद करायची आणि पुढची डबी उघडायची. सकाळी कामांची क्रमवारी लावून बघितली, फोन खणात ठेवून बघितला. खण दिवसभर गुरगुरत राहिला. तिचा वेग खरंच वाढला, पण ढीग काही कमी होईना. ती भराभर उपसत होती म्हणून मागचे भराभर ओतत होते.

आणि मग एक समोरचा दात तिच्या नजरेतून सुटला. एका शाळेतल्या बाईंचा होता. रंग एका छटेने पिवळा. डॉक्टरांनी तो बसवला, बाई वर्गात गेल्या आणि पहिल्याच तासाला एका मुलाने भर वर्गात विचारलं, बाई, तुमचा एकच दात पिवळा का? बाई रडत दवाखान्यात परत आल्या. डॉक्टर फोनवर आत्याला फार काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, तुमच्याकडून?" ते तिला जास्त लागलं.

त्याच आठवड्यात सिग्नल तिच्याकडे आली आणि तिने आत्याला भिंतीवरच्या स्क्रीनसमोर नेलं. आखणी हिरवी, कोरणं हिरवं, रंग हिरवा, भट्टी हिरवी. शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत लाल. त्या रकान्यावर लिहिलं होतं, 'ताई'.

"हे माझ्याच नावाने का?" आत्याने विचारलं.

"कारण सगळं तुमच्याच टेबलावर थांबतंय, ताई. तुमचा दोष आहे असं मी म्हणत नाहीये."

"मग काय म्हणतेयस?"

उत्तराची वाट न बघता आत्या तडक घरी निघून आली. इतक्या वर्षांत ती अशी भर दुपारी घरी आलेली मी पाहिली नव्हती. आईने चहा ठेवला तर नको म्हणाली. संध्याकाळी बाबा आले, त्यांना सगळं कळलेलं होतंच. ते म्हणाले की या पोरीला मी समज देतो, आणि तपासणीला तुझ्या हाताखाली आणखी एक माणूस देतो. आत्या दात-ओठ खात बसून राहिली. बाबांना वाटलं राग सिग्नलवर आहे. मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थेट सिग्नलच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. म्हणाली, कालचं परत दाखव. आणि मी तपासलेल्यातलं किती काम मी खरोखर परत पाठवलं, तेही दिसत असेल तर दाखव.

ते दिसत होतं. फारच थोडं होतं. टेबलावर आलेल्या बहुतेक कामात तिने काहीच बदललं नव्हतं. उजेडात धरलं, उलटं केलं, डबीत ठेवलं. आणि जे थोडं परत गेलं होतं, ते पुन्हा पुन्हा त्याच दोन-तीन चुकांसाठी, त्याच त्या माणसांकडे. मग आत्याने रंगकाम करणाऱ्यांतल्या सगळ्यात तरबेज माणसाला बोलावलं. छातीपर्यंत दाढी असलेला हा माणूस 'दाढी' याच नावाने ओळखला जायचा.

"ही कड तू अशीच का सोडतोस?" तिने विचारलं. "तुला दिसत नाही असं तर नाही."

दाढीने डोकं खाजवलं. "दिसते ना. पण म्हटलं, ताई बघतील."

आत्या नंतर मला म्हणाली की त्या दोन शब्दांनी तिला जागं केलं. ती इतकी वर्षं समजत होती की आपल्या नजरेमुळे काम चांगलं होतं. आता तिच्या नजरेच्या भरवशावर बाकीच्यांनी डोळे मिटून घेतले होते.

तिने दोन दिवस विचार केला आणि मग सगळ्यांना भट्टीजवळ गोळा केलं. सांगितलं की पुढच्या सोमवारपासून माझ्या टेबलावर काहीही येणार नाही. ज्याने दात केला त्यानेच तो तपासायचा, डबीवर आपली खूण करायची, आणि तक्रार आली तर डॉक्टरांचा फोन त्यालाच द्यायचा. तोपर्यंत आणि त्यानंतरही बघायचं कसं ते मी शिकवीन. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मामा तेवढे म्हणाले, "ताई, तुम्ही कुठे चाललात का?" ती म्हणाली, "कुठेही नाही. इथेच आहे."

घरी बाबांनी आकाशपाताळ एक केलं. त्यांचं म्हणणं होतं की डॉक्टर लॅबला काम देत नाहीत, तुला देतात. आत्या म्हणाली, तेच तर दुखणं आहे. काही महिने परत येणारं काम वाढेल. ते वाढू दे. जे डॉक्टर चिडतील त्यांच्याकडे मी स्वतः जाईन.

शिकवणं मात्र तिला वाटलं होतं तितकं सोपं निघालं नाही. आपण काय बघतो हे तिला सांगताच येईना. "हा दात बरोबर नाही" म्हणायची. का, असं विचारलं की "दिसतंय की" म्हणायची. दाढी वैतागला. तुमच्यासारखी नजर आम्हाला नाही, असं म्हणून तो उठून गेला. आत्याही चिडली, आणि दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलली नाहीत. शेवटी सिग्नलने युक्ती केली. आत्या काम बघत असताना तिने फोन उभा करून नुसते तिचे हात टिपले आणि मोठ्या स्क्रीनवर लावले. आत्याने स्वतःचे हात असे कधी पाहिलेच नव्हते. दात उलटा का करते? कडेची सावली बघायला. डोळे बारीक का करते? रंग बाजूला पडून नुसती उजेडाची चमक राहावी म्हणून. मध्येच अंगठ्याच्या नखाने कड का चाचपते, हे तर तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. ती हे सावकाश, शोधत शोधत बोलत गेली आणि समोर बसलेले हातातले दात उलटे करत गेले. दाढी मागे उभा होता. थोड्या वेळाने तोही खिडकीशी गेला.

पुढचे महिने वाईट गेले. परत आलेल्या डब्यांची मागच्या खोलीत रांग लागली. फोन आला की ज्याची खूण असेल त्याला बोलावलं जायचं. दाढीचा पहिला फोन मला आजही आठवतो, कारण मी त्या दिवशी बाबांना डबा द्यायला गेले होते. हा एवढा मोठा माणूस फोन हातात घेऊन घामाघूम झाला होता. रंग जुळला नाही म्हणून डॉक्टर पलीकडून तोंडसुख घेत होते. तो ऐकत राहिला, आणि मग अचानक म्हणाला, "सर, पेशंटचा शेजारचा दात सुकल्यावर फोटो काढला होता का? सुकलेला दात जास्त पांढरा दिसतो." पलीकडचा आवाज खाली आला. बोलणं संपल्यावर त्याने फोन टेबलावर ठेवला आणि तो दात नव्याने करायला घेतला. कुणाला न विचारता.

पण सगळ्यात मोठ्या दवाखान्याने काम थांबवलं तेव्हा बाबांचा धीर सुटला. एका सकाळी आत्या पोचली तर तिचं जुनं टेबल होतं तिथे परत लावलेलं, त्यावर दिवा, आणि त्यावर डब्यांची रांग. बाबा बाजूला उभे होते. सगळी लॅब खाली मान घालून काम करण्याचं नाटक करत होती.

आत्याने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. एकेक डबी उचलून तिच्यावरची खूण वाचली आणि ज्याची त्याच्या हातात नेऊन दिली. मग बांधाबांध करणाऱ्या दोघींना बोलावलं आणि टेबल मागे घेऊन जायला सांगितलं. त्यांना जागा कमीच पडत होती.

"बारके, हे बुडेल," बाबा म्हणाले.

"दादा, मी उद्या आजारी पडले तर?"

"असं बोलू नकोस."

"बोलायलाच हवं. मी पडले तर हे त्याच दिवशी बुडतं. आज बुडत असलं तरी सावरायला मी हातीपायी धड आहे. मला शिकवू दे." मग ती म्हणाली, "आणि तुझ्या खिशातले ते दोन फोन. तेही कुणाला तरी दे."

बाबा बाहेर निघून गेले. पण टेबल परत आलं नाही. आत्या त्या मोठ्या दवाखान्यात स्वतः गेली. एकटी नाही, दाढीला आणि आणखी एकीला बरोबर घेऊन. डॉक्टरांना तिने सांगितलं की तुमचं काम यापुढे हे दोघं बघतील, माझ्याशी बोलायचं असेल तर यांच्यामार्फत. दवाखाना लगेच परत आला नाही. थोडं थोडं काम देऊन बघत बघत आला.

सगळ्यांचं काही नीट झालं असं नाही. माप कॅमेऱ्याने यायला लागल्यावर प्लास्टर कमी कमी होत गेलं. आत्याने मामांना कॅमेऱ्याचं काम शिकवायचा खूप प्रयत्न केला. मामांनीही केला. पण स्क्रीनसमोर बसलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या आणि हात मांडीवरच राहायचे. एक दिवस त्यांनी सांगितलं की शहराच्या दुसऱ्या टोकाला एक लहान लॅब आहे, तिथे अजून सगळं प्लास्टरमध्ये चालतं, मी तिकडे जातो. आत्या म्हणाली, मामा, तुम्हाला इथून कुणी जा म्हटलेलं नाही. ते म्हणाले, "तुम्ही म्हणणार नाही, ताई. पण इथे आता मला काही विचारायला कुणी येत नाही." ती त्यांना दारापर्यंत सोडायला गेली आणि तिथेच बराच वेळ उभी राहिली. या गोष्टीवर ती आजही फारसं बोलत नाही. एकदा फक्त म्हणाली की बदल करायलाच हवा होता, आणि मामा गेले हेही तितकंच खरं आहे, ही दोन्ही वाक्यं मला एकदमच सांभाळावी लागतात.

परत येणारं काम हळूहळू उतरलं आणि मग पूर्वीपेक्षाही खाली गेलं. भिंतीवरच्या स्क्रीनवरून 'ताई' हा रकाना निघाला. बाबांनी आधी एक फोन सिग्नलला दिला, काही महिन्यांनी दुसरा. दिल्यानंतर ते आठवडाभर खिसे चाचपत हिंडत होते. दुसऱ्या गावी शाखा निघाली. तिच्या उद्घाटनाला आत्या पाहुणी म्हणून गेली, चहा प्यायली आणि परत आली. तिथली माणसं तिला चेहऱ्यानेही नीट ओळखत नाहीत, हे सांगताना ती खूश होती.

मग तिच्या सकाळी मोकळ्या झाल्या. मला वाटलं ती आता थोडी आराम करेल. तिने काय करावं? स्क्रीनवर दात आखायला शिकायला बसली. आखणी करणाऱ्यांतली सगळ्यात लहान मुलगी तिची मास्तरीण. सुरुवातीला माउस हातातून असा सटकायचा की दाढ जबड्याबाहेर जाऊन तरंगायची, आणि आत्या स्वतःच खो खो हसायची. पण सोडलं नाही. यामागे तिच्या मनात काय होतं ते नंतर कळलं. कर्करोगाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा टाळू किंवा जबड्याचा तुकडा काढावा लागतो, अशा लोकांसाठी ती पोकळी बंद करणारी, तोंडात बसवायची पट्टी तिला करायची होती. आमच्या लॅबमध्ये ते काम कुणी घेत नव्हतं. किचकट, हाताचं आणि मशीनचं दोन्ही मिळून, आणि प्रत्येक माणसाचं वेगळं. इतकी वर्षं ते डोक्यात होतं आणि टेबलावरच्या ढिगाखाली दबलं होतं.

पहिल्या पेशंट एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. वरचा अर्धा टाळू काढलेला. बोलल्या की सगळा आवाज नाकातून जायचा आणि एक अक्षर कळायचं नाही, म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं होतं. आत्याने केलेली पहिली पट्टी टोचली. दुसरी सैल झाली. तिसरीच्या वेळी डॉक्टरांनी आत्यालाच दवाखान्यात बोलावून घेतलं, आणि मी तिला गाडीने सोडायला गेले म्हणून मलाही आत जाता आलं.

पट्टी बसवल्यावर बाईंनी पिशवीतून फोन काढला आणि बहिणीला लावला. "मी बोलतेय," त्या म्हणाल्या. पलीकडून बहीण लगेच बोलायला लागली. कोण, असं विचारलंच नाही. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डॉक्टर खिडकीकडे बघायला लागले. मीही डोळे पुसत होते.

फोन संपल्यावर डॉक्टरांनी त्यांना पेलाभर पाणी दिलं. दोन घोट नीट गेले. तिसऱ्या घोटाला पाणी नाकातून आलं, बाईंना ठसका लागला, आणि ठसक्यात त्या हसायलाही लागल्या.

आत्या हसली नाही. तिने बोटाने त्यांची हनुवटी वर केली, दिवा जवळ ओढला आणि टाळूकडे बघत म्हणाली, "उजवीकडे फट राहिलीय. आजचा दिवस घालून बघा, बहिणीशी पोटभर बोला. उद्या ही मला परत द्या, मी आणखी एक करते."